सातवी झाली, आता हायस्कूल: सुट्टीतल्या सात आठवड्यांचं काय करायचं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सातवीचा निकाल हातात पडतो आणि आठ दिवसांत फोन सुरू होतात. "बाई, पोरग्याला हायस्कूलला घालायचंय. कुठला क्लास लावू? घरात बसून नुसता मोबाईलच बघालाय." मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलला गणित शिकवते. दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या सात-आठ प्राथमिक शाळांतली मुलं आमच्या आठवीत येतात. कोण उन्हाळ्यात काय करून आलंय, ते पहिल्या पंधरा दिवसांत दिसतं. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या पालकांना ते सरळ उपयोगी पडेल.

आधी दिवसांचा हिशेब. कर्नाटकात साधारण १० एप्रिलच्या सुमाराला सुट्टी लागते आणि मेच्या अखेरीस शाळा उघडते, म्हणजे सात आठवडे. त्यातून गावची जत्रा, मामाच्या घरचं लग्न आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाचे दिवस वजा करा. शेतकरी घर असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात भाताची धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) असते, तेव्हा पोरं घरातल्यांबरोबर शेतावरच असतात. हातात खऱ्या अर्थानं वीस-पंचवीस सकाळी उरतात. जे काही ठरवायचं ते तेवढ्यात बसणारं ठरवा. आणि हे दिवस वजा करताना हळहळू नका. चित्ररथावरच्या सजीव देखाव्यात उभं राहून ज्या मुलानं चार वाक्यं खणखणीत म्हटलीत, ते आठवीच्या वर्गात उभं राहून उत्तर द्यायला कचरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आठवीचं पुस्तक उन्हाळ्यात उरकू नका. सातवीपर्यंत कुठं कच्चं राहिलंय ते शोधून पक्कं करा, आणि मूल पुढची तीन वर्षं ज्या तीन भाषांच्या मधोमध शिकणार आहे त्या भाषा एकमेकींना जोडून द्या.

हे मी ठेच खाऊन शिकले. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या बहिणीनं मुलाला शहरातल्या एका पंचेचाळीस दिवसांच्या वर्गात घातलं. घालायला मीच सांगितलं होतं. रोज दीड तास बस, जाडजूड झेरॉक्सच्या नोट्स, मेअखेर आठवीच्या गणिताचे सगळे धडे 'पूर्ण'. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी त्याला एक वजाबाकी दिली: ३/४ वजा २/३. त्यानं वरच्या तीनातून दोन काढले, खालच्या चारातून तीन काढले आणि ठामपणे लिहिलं १/१. म्हणजे एक! मी विचारलं, "पाऊण भाकरीतली दोन तृतीयांश भाकरी खाल्ली, तर अख्खी भाकरी उरते का रे?" पोरगं गप्प बसलं. दीड महिन्यात त्याच्या वहीत अवयव पाडण्यापर्यंत सगळं उतरवलं गेलं होतं, पण अपूर्णांक त्याला कळलाय का, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पायरी १: घरीच एक तासाची चाचपणी

क्लास शोधायच्या आधी एका सकाळी मुलाला शेजारी घेऊन बसा. ही परीक्षा आहे असं सांगू नका, आणि गुण तर मुळीच देऊ नका. चार गोष्टी पाहा.

गणितात पाच उदाहरणं द्या. ३/४ वजा २/३ (उत्तर १/१२). उणे ७ अधिक ४ (उणे ३). उणे ३ वजा ५ (उणे ८). २४० चे १५ टक्के (३६). एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले तर २० येतात, ती संख्या कोणती (५). उत्तर चुकलं तरी काही बिघडत नाही. "कसं केलंस ते सांग" म्हणा आणि मध्ये न बोलता ऐका. चूक कुठून आली ते मुलाच्या सांगण्यातच सापडतं. उणे ३ वजा ५ चं उत्तर उणे २ आलं, तर त्याला संख्यारेषा कळलेली नाही. शेवटचं उदाहरण अंदाजानं सोडवलं, तर समीकरण मांडायची सवय नाही.

मराठीत सातवीच्या पुस्तकातलं कुठलंही एक पान मोठ्यानं वाचून घ्या आणि मग पुस्तक मिटून तीन वाक्यांत सांगायला लावा. अडखळत वाचणारं मूल विज्ञानात आणि समाजविज्ञानातही अडखळणार. पुष्कळ पालक ही चाचपणी गाळतात, कारण मराठी काय, येतंच. तसं नसतं.

कन्नडच्या पुस्तकातल्या पाच ओळी वाचून घ्या. तुम्हाला स्वतःला कन्नड लिपी येत नसेल तर गल्लीतल्या कॉलेजच्या मुलीला बसवा. वेळ मोजा. पाच ओळींना तीन मिनिटं लागत असतील, तर अक्षरओळख आहे पण वाचन नाही.

इंग्रजीत स्वतःबद्दल सहा वाक्यं लिहायला सांगा, पाठ केलेला निबंध चालणार नाही.

या तासाभरात सुट्टीचा निम्मा आराखडा तयार होतो. चारपैकी जिथं मूल सगळ्यात मागं आहे त्या दोन गोष्टींवर जास्त जोर द्या. चारहींवर सारखाच जोर दिला तर एकही धड होत नाही.

पायरी २: माध्यम कोणतं, ते आधी पक्कं करा

आठवीला मराठी माध्यमातच राहायचं, की इंग्रजी माध्यमात जायचं? उन्हाळ्यातली तयारी यावरच ठरते. पुष्कळ घरांत हा निर्णय मेअखेरपर्यंत लोंबकळत राहतो आणि तोवर सुट्टी संपलेली असते. एप्रिल संपायच्या आत ठरवा.

कुठलंही माध्यम असो, एक साधन फुकट हाताशी आहे आणि ते फार थोडे वापरतात. कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक सोसायटीची पुस्तकं कन्नड, मराठी, इंग्रजी, उर्दू अशा अनेक माध्यमांत निघतात, आणि गणित-विज्ञानाचा मजकूर माध्यम बदललं तरी तोच असतो. मराठी पुस्तकात जो धडा, जी आकृती, जो प्रश्न, तोच इंग्रजी पुस्तकात. सोसायटीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. सातवीचं मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक मुलाकडे आहेच. इंग्रजी माध्यमाचं तेच पुस्तक शेजारच्या मुलाकडून मागून आणा. दोन्ही एकाच धड्यावर उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. मूल मराठीतला परिच्छेद वाचतं, मग इंग्रजीतला. अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे इंग्रजी वाक्य अंगावर येत नाही. रोज एक पान, पंचवीस दिवसांत पंचवीस पानं. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलासाठी मला तरी याहून चांगला अभ्यासक्रम माहीत नाही, आणि याला पैसे लागत नाहीत.

मराठी माध्यमात राहणाऱ्यानंही हे करावं. दहावीनंतर पीयूसी (अकरावी-बारावी) विज्ञानाला गेलात की सगळं इंग्रजीतून असतं, आणि अकरावीत पोरं रडकुंडीला येतात ती विषयामुळं नव्हे, शब्दांमुळं.

या वाचनातून एक शब्दवही करा. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर चार रकाने: मराठी, इंग्रजी, कन्नड आणि चौथ्यात चित्र किंवा उदाहरण. अपूर्णांक, फ्रॅक्शन, भिन्नराशि. परिमिती, पेरिमीटर, सुत्तळते. क्षेत्रफळ, एरिया, विस्तीर्ण. 'विस्तीर्ण' ऐकून मुलं दचकतात, कारण मराठीत आपण मैदानाला विस्तीर्ण म्हणतो. तो दचका चांगला, त्यानं शब्द डोक्यात बसतो. कोन दोन्हीकडे कोनच, आम्लही आम्लच. कन्नड आणि मराठी शास्त्रीय शब्दांचं मूळ बरंच एक आहे, हे मुलाला आपलं आपण दिसू द्या. इंग्रजी शब्द देवनागरीतही लिहावा आणि स्पेलिंगसकटही. रोज पाच शब्द पुरेत.

पायरी ३: कन्नड, पण भीती घालून नव्हे

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण आपल्या मुलांचे गुण इथंच जातात. आजवर दहावीला ६२५ गुणांत पहिल्या भाषेला १२५ आणि बाकीच्या दोन भाषांना शंभर-शंभर असे गुण असत आलेत. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण भाषांचे. गणितासाठी दोन क्लास लावणारी घरं कन्नडकडे 'पास झाला की बस' म्हणून पाहतात.

सीमाभागात कन्नडचा विषय निघाला की मनात बरंच काही येतं. ते मी जाणते, मीही इथलीच आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते ओझं देऊ नका. त्याला नाडकचेरीतला, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयातला अर्ज वाचता यावा, बसची पाटी वाचता यावी, वर्गात मान खाली घालायला लागू नये. घरात मराठी कसदार असेल, तर कन्नड शिकल्यानं तिचं काही कमी होत नाही.

चिकोडी-अथणीकडची मराठी मुलं बाजारात फाडफाड कन्नड बोलतात पण लिहिताना अडतात. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत कानावर कन्नड पडतच नाही, तिथली मुलं अक्षरं सुबक काढतात पण अर्थ लागत नाही. दोघांचा इलाज वेगळा. पहिल्यांना श्रुतलेखन द्या, रोज पाच ओळी. दुसऱ्यांना आधी ऐकू द्या: कन्नड बातम्या, क्रिकेटचं समालोचन, दुकानदाराशी बोलणं.

मराठी मूल नेमकं कुठं चुकतं ते सांगते.

पहिली जागा ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ. मराठीत हे वेगळे स्वर नाहीत, कन्नडमध्ये आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. 'बेळे' हा शब्द घ्या. पहिला ए झटकन म्हटला तर पीक, लांबवला तर डाळ, तोगरी बेळे म्हणजे तूरडाळ. 'कोडु' मधला ओ आखूड असेल तर 'दे', लांब असेल तर शिंग. शेतकऱ्याच्या पोराला पीक आणि डाळ यातला फरक समजावायला वेळ लागत नाही. अशा दहा जोड्या बोलून, मग लिहून घ्या.

दुसरी जागा जोडाक्षर, म्हणजे ओत्तक्षर. मराठीत आधीचं अक्षर अर्धं होतं आणि पुढचं पूर्ण राहतं. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण आकारात वर राहतं आणि दुसरं त्याच्या पायाशी लटकतं. शिवाय काना-मात्रा वरच्या अक्षराला लागते, जरी उच्चारात ती दोन्ही व्यंजनांनंतर येत असली तरी. गावांची नावं इथं छान उपयोगी पडतात. आपण निपाणी लिहितो, कन्नडमध्ये 'निप्पाणि' असतं. आपलं चिकोडी, त्यांचं 'चिक्कोडि'. दोन्हींत ओत्तक्षर आहे.

तिसरी जागा रफार. 'कर्नाटक' लिहिताना आपला रफार 'ना'च्या डोक्यावर बसतो. कन्नडमध्ये तो 'ना'च्या पुढं, कन्नड नऊच्या आकड्यासारखा दिसणारा येतो. मुलं तो नऊ समजून सोडून देतात आणि 'कनाटक' वाचतात.

सरावासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक. खरंच सांगते. एक सकाळ मुलाला घेऊन जा, अर्धा तास बाकावर बसा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचायला लावा. गावांची नावं ओळखीची असतात, त्यामुळे अर्धं अक्षर कळलं की उरलेलं मेंदू भरतो आणि वाचनाचा वेग वाढतो. गाडी हलायच्या आत वाचायचं, असा खेळ लावला की पोरं हरखतात. पुढच्या वेळी दुकानांच्या पाट्या.

व्याकरणाची धास्ती घेऊ नका. वाक्याचा क्रम आपल्यासारखाच आहे: नानु शालेगे होगुत्तेने, मी शाळेला जातो. 'शाळेला' मधला 'ला' जसा शब्दाला चिकटतो, तसाच 'शालेगे' मधला 'गे'. आणि एक सोय तर अशी की मराठीला हेवा वाटावा. निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. तो दगड, ती वीट असं काही लक्षात ठेवावं लागत नाही. 'होगुत्तेने' मुलगाही म्हणतो, मुलगीही. हे सांगितलं की पोरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

पायरी ४: गणित शेतात, विज्ञान अंगणात

पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, टक्केवारी, साधी समीकरणं. एवढंच. दिवसाला दहा उदाहरणं, त्यातली दोन तोंडी. अपूर्णांकांना आठ दिवस द्या, बाकीच्यांना दोन-तीन पुरतात.

मोजमापासाठी शेतात जा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. ३३ फुटांचा दोर कापून मुलांना चार खुंट्या ठोकायला लावा आणि एक गुंठा आखून घ्या. मग विचारा, १३२ फूट लांब आणि ६६ फूट रुंद वावर किती गुंठ्यांचं? काहीजण गुणाकार करून १०८९ नं भागतील. कुणीतरी दोराकडे बघत म्हणेल, "चार दोर इकडं, दोन दोर तिकडं, आठ गुंठे." त्या मुलाला क्षेत्रफळ कळलं. सातबाऱ्यासारखा आपल्याकडचा 'उतार' घरात असेल तर त्यावरचे एकर-गुंठे वाचायला द्या.

विज्ञानाचे दोन प्रयोग पुरे. कागदाला हळदीचं पाणी फासून वाळवा, त्यावर साबणाचं पाणी टाका, लाल होतं. मग लिंबू टाका, लाली जाते. आम्ल-आम्लारी शब्दवहीत तिथंच लिहून घ्या.

दुसरा प्रयोग वर्षातून मोजक्याच दिवशी जमतो आणि नेमका सुट्टीत येतो. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास १५.८ अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात, ३-४ तारखेच्या आसपास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. निपाणीला हे दोन-तीन दिवसांनी घडतं. सपाट फरशीवर स्टीलचा उभा, सरळ कडांचा डबा ठेवा. १२ वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं खुणावत राहा. सावली आखडत जाते आणि साडेबाराच्या सुमाराला डब्याखाली जाते. मुलं विचारतीलच, बारा वाजता का नाही? उत्तर भूगोलात आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, आपण ७४.५ वर. आठ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, झाली बत्तीस. रेखांश आणि वेळ हे गणित ज्या मुलानं अंगणात उन्हात बसून सोडवलं, त्याला ते पाठ करावं लागत नाही. ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. सूर्याकडे मात्र थेट बघू देऊ नका.

पायरी ५: क्लास लावायचाच असेल तर

काही घरांत दोघंही कामावर असतात, मूल घरी एकटं असतं. क्लास लावणं चूक नाही. पण पैसे भरायच्या आधी स्वतः जाऊन एक तास मागच्या बाकावर बसा. बसू देत नसतील तर तिथं घालू नका. मग हे विचारा: कुठल्या राज्याचं पुस्तक शिकवता? एका तुकडीत किती मुलं? सुरुवातीला मुलाची चाचपणी करता का, की सगळ्यांना एकच पान? शिकवणारे हेच, की जाहिरातीतले वेगळे आणि वर्गातले वेगळे? पैशाची पावती मिळते का, आणि आठ दिवसांत सोडलं तर पैसे परत मिळतात का?

पहिला प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. बेळगावच्या दुकानांत महाराष्ट्राची गाईडं आणि शिष्यवृत्तीची पुस्तकं सर्रास मिळतात, कोल्हापूरकडची शिबिरंही तोच अभ्यास घेतात. महाराष्ट्राची शिष्यवृत्ती परीक्षा तिथल्या शाळांसाठी आहे, आपल्या मुलाला ती देता येत नाही. शिवाय तिकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे त्यांची शिबिरं जूनपर्यंत लांबतात आणि इथं शाळा सुरू झालेली असते. मराठी वाचनासाठी ती पुस्तकं जरूर वापरा.

आठवीत जाणाऱ्या मुलाला 'नीट फाउंडेशन', 'जेईई फाउंडेशन' विकणाऱ्यांपासून लांब राहा. ज्याचा अपूर्णांक कच्चा आहे त्याला त्यातून फक्त न्यूनगंड मिळतो.

इंग्रजी संभाषणाचा वर्ग चांगला असेल तर लावा. चांगला म्हणजे जिथं शिक्षक कमी आणि मुलं जास्त बोलतात. अबॅकससाठी हे वय उलटून गेलेलं आहे. कॉम्प्युटरच्या वर्गाला जायचं असेल तर मराठी आणि कन्नड टंकलेखन शिकवतात का विचारा.

आणि पोहणं. एकच क्लास लावायला परवडत असेल, तर मी पोहण्याचा लावा म्हणेन. बेळगावात गोवावेसच्या तलावावर उन्हाळ्यात पोरांची झुंबड असते, गावाकडं विहिरी आहेत. पण विहिरीत शिकवणारा मोठा माणूस आणि कमरेला बांधायला डबा किंवा ट्यूब असल्याशिवाय उतरू देऊ नका. दर उन्हाळ्यात विहिरीत, नदीच्या डोहात, खाणीच्या पाण्यात पोरं बुडून जातात. त्यातली काही पोरं आमच्या वर्गात आली असती.

जाण्यायेण्याचाही विचार करा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये, राज्याच्या हद्दीत, तिकीट लागत नाही. आधार कार्ड जवळ असू द्या. गावातल्या तीन-चार मुली मिळून खानापूरला किंवा बेळगावला जाणार असतील तर हा खर्च पूर्ण वाचतो. मुलांना मात्र तिकीट काढावं लागतं, तेव्हा फी बघताना महिन्याचं बसभाडंही त्यात धरा. वळवाचा पाऊस दुपारी तीननंतर येतो, म्हणून सकाळची तुकडीच घ्या.

पायरी ६: क्लास नसेल तर गल्लीतच

खेड्यांसाठी मला हाच मार्ग पटतो. सातवी झालेली पाच-सहा मुलं, गल्लीतली एक पीयूसी किंवा डिग्रीला असलेली ताई, आणि देवळाचा सभामंडप किंवा समाजमंदिर. प्रत्येक घरानं थोडे थोडे पैसे काढून ताईला मानधन द्यावं. फुकटात राबवू नका, तिचंही शिक्षण चालू आहे.

वेळ सकाळी साडेसात ते दहा. पहिला पाऊण तास गणित, मग पाऊण तास दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचन आणि शब्दवही, मग दहा मिनिटं चिरमुरे-शेंगदाणे, मग अर्धा तास कन्नड, आणि उरलेला वेळ मोठ्यानं मराठी वाचन. हे शेवटचं गाळू नका. प्रत्येकानं गोष्टीचं एक पान वाचायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. पुस्तकं कुठून? बेळगावात दीडशेहून अधिक वर्षांचं सार्वजनिक वाचनालय आहे. गावात ग्रामपंचायतीचं वाचनालय, ज्याला आता 'अरिवु केंद्र' म्हणतात, तिथं मुलांना मोफत सभासद होता येतं. काही पंचायती मे महिन्यात तिथंच मुलांचं शिबिर घेतात. पंचायतीत जाऊन विचारा. मराठी पुस्तकं नसतील तर पालकांनी मिळून लेखी मागणी करावी.

शनिवारी वही बंद. त्या दिवशी गुंठा मोजायचा, राजहंसगडावर नाहीतर हलशीच्या देवळांकडं जायचं, करवंदं काढायची. हलशी ही कदंबांची एक राजधानी होती, हे तिथं दगडाला हात लावून सांगितलं तर समाजविज्ञानाचा धडा वाचताना मूल एकदम मान वर करतं.

पायरी ७: कागदपत्रं मेमध्येच

प्राथमिक शाळेचा दाखला म्हणजे टीसी, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचं बँक खातं. टीसीवरचं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का, तपासा. मराठी नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत जाताना एखादं अक्षर हमखास बदलतं, आणि शिष्यवृत्ती तिथंच अडकते. जूनमध्ये नाडकचेरीत रांग असते, मेच्या मध्याला कमी.

उत्पन्नाचा दाखला लागतो तो विशेषतः एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट) या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी. ही परीक्षा आठवीत असतानाच होते. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, सातवीत किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत). निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. विषयांच्या पेपरात सातवीचा भागही येतो, म्हणून उन्हाळ्यात पक्कं केलेलं सातवीचं गणित-विज्ञान इथं सरळ कामाला येतं. विनाअनुदानित खासगी शाळेत घातलं की हा हक्क जातो. शाळा निवडताना हेही मनात धरा.

शेवटचे पाच दिवस

झोपेची वेळ शाळेसारखी करा. शाळा दुसऱ्या गावात असेल तर एकदा मुलाबरोबर त्याच बसनं जाऊन या. थांबा कुठला, परतीची गाडी किती वाजता, चुकली तर कुणाच्या घरी थांबायचं, हे त्याला स्वतःला सांगता आलं पाहिजे.

पहिल्या दिवसाच्या चाचपणीतली तीच पाच उदाहरणं आणि कन्नडच्या तेवढ्याच ओळी पुन्हा द्या. फरक मुलालाच दाखवा.

शाळा उघडली की सुरुवातीला 'सेतुबंध' असतो. आधी एक चाचणी, मग राहिलेल्या भागाची उजळणी, मग पुन्हा चाचणी. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले तर घाबरू नका, ती चाचणी काय कच्चं आहे ते शोधायलाच असते. तेव्हा मुलाला 'येत नाही ते कोरं सोड, बघून लिहू नकोस' एवढं सांगून पाठवा. आणि दप्तरात ती चार रकान्यांची शब्दवही ठेवा. पहिल्याच आठवड्यात कन्नडच्या सरांना दाखवायची, तिसऱ्या रकान्यात जिथं चुकलंय तिथं त्यांच्या हातानं दुरुस्त करून घ्यायचं, आणि पुढची पानं वर्गातल्या शब्दांनी भरत जायचं.